वाटा हवा की माहेरची वाट?

आपल्या मंडळाच्या अभ्यासवर्गात या वेळी अफगाण स्त्रियांचं जीवन हा विषय होता. प्रत्येकाने एकेक मुद्दा वाचून यायचं ठरलं. कुणी शाळा घेतली, कुणी पडदा, कुणी तालिबानचे फर्मान. माझ्या वाट्याला आला 'अफगाण स्त्री आणि वडिलांची मालमत्ता'. खरं सांगायचं तर मी थोडी नाराज झाले. साहित्याच्या विद्यार्थिनीला जमीनजुमल्याचं काय देणंघेणं, असं वाटलं. पण वाचत गेले आणि एका ठिकाणी थांबले. तिथे लिहिलं होतं, की तिकडच्या खेड्यापाड्यांत मुलीला कायद्याने वाटा आहे, पण बहुतेक जणी तो भावांना सोडून देतात. वाटा मागितला तर माहेर तुटेल, अशी भीती असते.

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. अफगाणिस्तानात नाही, हरमलला आमच्या बाल्कांवात, वडिलांच्या मोठ्या बहिणीच्या तोंडून. म्हणून हा लेख. यात थोडं तिकडचं आहे आणि बरंचसं इकडचं, म्हणजे पेडणे-डिचोलीचं.

कागदावरची अफगाण मुलगी

आपल्याला वाटतं, की अफगाण स्त्रीला कागदावरसुद्धा काही नाही. तसं नाही. इस्लामी वारसा कायदा कुराणातल्या चौथ्या सुरेवर उभा आहे. त्यात मुलीला मुलाच्या निम्मा आणि मुलंबाळं असलेल्या विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेचा आठवा हिस्सा मिळतो. सातव्या शतकात हे सांगणं लहान गोष्ट नव्हती. आधुनिक काळातही तिथे कायदे झाले. राजा अमानुल्लाने 1920च्या दशकात बालविवाहाविरुद्ध कायदा आणला आणि मुलींसाठी शाळा काढली. 1964च्या संविधानाने स्त्रियांना मताचा हक्क दिला. 2004च्या संविधानात स्त्री आणि पुरुष कायद्यापुढे समान आहेत असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

मग 15 ऑगस्ट 2021 रोजी काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेलं. मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या, डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठंही. पण एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. डिसेंबर 2021 मध्ये तालिबानच्या प्रमुखाने स्त्रियांच्या हक्कांबद्दल एक फर्मान काढलं. स्त्री ही वस्तू नाही, तिच्या संमतीशिवाय लग्न लावू नये, विधवेला वारशाचा हिस्सा द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. शिक्षणाबद्दल आणि नोकरीबद्दल त्यात एक अक्षर नाही.

आता प्रश्न असा, की हा हिस्सा बाई मागणार कुठे? स्त्रियांचं मंत्रालय सप्टेंबर 2021 मध्येच गेलं. त्याच इमारतीत 'सदाचार' शिकवणारं मंत्रालय बसलं. बायका न्यायाधीश राहिल्या नाहीत. 72 किलोमीटरपेक्षा लांब जायचं तर जवळचा पुरुष नातेवाईक सोबत लागतो. म्हणजे भावाविरुद्ध दाद मागायला जायचं, तर सोबत म्हणून भावालाच न्यायला हवं! हक्क आहे, पण हक्कापर्यंत जाणारा रस्ता नाही.

आणि हे तालिबानपासून सुरू झालेलं नाही. काबूलमध्ये स्त्री खासदार होत्या त्या काळातही गावातली बहीण आपला वाटा सोडतच होती. मागणारी बहीण लोभी, सोडणारी शहाणी, अशी तिथली समजूत.

कागदावरची गोंयची मुलगी

आता आपल्याकडे येऊया. गोव्याच्या कायद्याचा आपल्याला अभिमान असतो आणि तो अगदीच खोटा नाही. पोर्तुगीज नागरी संहिता 1867ची, ती गोव्यात 1870 पासून लागू झाली. भारतातल्या हिंदू मुलींना वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत भावाइतका हिस्सा 1956 साली मिळाला आणि वडिलोपार्जित मालमत्तेत देशभर 2005 साली. आपल्याकडे मुलगा-मुलगी असा भेद न करता वारस समान, हे त्याच्या कितीतरी आधी कायद्यात आलं होतं. 1961 नंतरही हा कौटुंबिक कायदा तसाच ठेवला गेला. वारशाचा भाग आता 2012च्या गोवा वारसाहक्क कायद्यात आला आहे, तो 2016च्या डिसेंबरपासून लागू आहे.

अर्थात पेडणे आणि डिचोली हे 'नव्या काबिजादी'तले तालुके. डिचोली अठराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगिजांकडे आली, पेडणे 1788 साली. इथल्या हिंदू रितीरिवाजांना हात लावणार नाही असं वचन राज्यकर्त्यांनी दिलं होतं. म्हणून 1880 साली हिंदूंच्या चालीरीतींची वेगळी संहिता झाली. ठरावीक वयापर्यंत बायकोला मूल किंवा मुलगा झाला नाही तर नवऱ्याला दुसरं लग्न करता येईल, असं कलम तिच्यात होतं. 'एकच कायदा' असं आपण म्हणतो, तेव्हा हेही लक्षात ठेवायला हवं.

तरी मुख्य नियम दोन आहेत आणि ते प्रत्येकीला पाठ असायला हवेत.

पहिला नियम. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते आणि प्रत्येकाचा त्यात अर्धा भाग असतो. हा अर्धा भाग बायकोला नवरा मेल्यावर मिळत नाही, तो लग्नापासूनच तिचा असतो. म्हणूनच जमीन विकताना दोघांच्याही सह्या लागतात.

दुसरा नियम. मुलांना पूर्णपणे वगळता येत नाही. मृत्युपत्र केलं तरी आपल्या भागातला अर्धाच कुणालाही देता येतो. उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव.

एक हिशोब करून पाहू. एका जोडप्याची 1200 चौरस मीटर जागा आहे. दोन मुलगे, एक मुलगी. वडील वारले, मृत्युपत्र नाही. गोव्यात 600 मीटर आईचे, ते तिचेच होते. वडिलांच्या 600चे तीन समान भाग, म्हणजे मुलीला 200. वडिलांनी मृत्युपत्र करून मुलग्यांना जास्तीत जास्त द्यायचं ठरवलं, तरी 300 मीटर राखीव राहतात आणि मुलीचे 100 कुणी काढू शकत नाही.

आता हीच जागा अफगाण वडिलांची समजा. तिकडे नवरा-बायकोची मालमत्ता वेगळी, म्हणून सगळे 1200 वडिलांचे. विधवेला आठवा हिस्सा, म्हणजे 150. उरले 1050. मुलग्याला दोन भाग, मुलीला एक, असे पाच भाग. मुलीला 210 मीटर.

अभ्यासवर्गात मी हा हिशोब फळ्यावर मांडला, तेव्हा सगळे गप्प झाले. 210 आणि 200! पुढे आईच्या 600 मधूनही आपल्या मुलीला 200 मिळतील, म्हणजे एकूण 400, आणि अफगाण मुलीचे आईच्या 150 मधले 30 धरून 240. शिवाय आपल्याकडची आई स्वतः अर्ध्याची मालकीण आहे. त्यामुळे गोव्याचा कायदा बराच पुढे आहे, यात शंका नाही. पण मला दुसरंच काही दाखवायचं होतं. 210 असो, 400 असो, दोघींच्या हातात शेवटी किती येतं?

तिसरी सही

गोव्यात लग्नाची नोंद करताना 'फर्स्ट साइन' आणि 'सेकंड साइन' हे शब्द लहान पोरांनाही ठाऊक असतात. सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी एक सही, मग मुदत गेल्यावर दुसरी. आम्हा कॅथलिकांत पहिल्या सहीनंतर दाखला घेऊन चर्चमध्ये लग्न लागतं आणि तिथली नोंद पुढे सरकारी पुस्तकात उतरते. या सहीमुळे बाई अर्ध्याची मालकीण होते.

पण बहुतेक जणींच्या आयुष्यात आणखी एक सही येते, तिला मी तिसरी सही म्हणते. वडील वारल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भावाचा फोन येतो. "कागद तयार केलेत, एक दिवस येऊन सही करून जा." कागदाचं नाव रिलिंक्विशमेंट डीड. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात त्यालाच हक्कसोडपत्र म्हणतात. कायदा निराळा, सातबारा निराळा, पण सही तीच.

माझ्या आंटीने ती सही केली तेव्हा मी शाळेत होते. ती लग्न होऊन डिचोलीला गेलेली. सकाळच्या बसने अंकलना घेऊन आली. आपल्या कायद्यात विवाहित वारसाच्या जोडीदाराचीही सही लागते, म्हणून अंकलनी एक दिवसाची रजा टाकली होती. सही झाली, आमच्याकडे सगळे जेवले, शामांयने सोरपोतेल केलेलं. संध्याकाळी पाय त्यांना स्टँडवर सोडून आले. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. मला तो दिवस आठवतो तो पाहुणे आल्यामुळे झालेल्या आनंदासाठी.

या मे महिन्यात आंटी आली होती तेव्हा मी तिला अभ्यासवर्गाचं सांगितलं आणि सरळ विचारलं, "आंटी, तू तेव्हा सही का केलीस?" ती म्हणाली, "बाय, वाटा घेतला असता तर वाट गेली असती." मग थोडं थांबून म्हणाली, "तेव्हा ह्या जागेला कोण विचारत होतं?"

तिच्या या दोन वाक्यांत सगळं आलं.

दुसऱ्या वाक्यापासून बघूया. पेडण्यात आज जागेला कोण विचारत नाही? हरमल, मांद्रे, मोरजी इथे किनाऱ्यालगतच्या खडकाळ भाटालाही गिऱ्हाईक आहे. मोपा विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये उड्डाणं सुरू झाल्यावर आतल्या गावांतही भाव चढले. डिचोलीत खाणपट्ट्याची गोष्ट वेगळी, पण तिथेही जमीन म्हणजे नुसती शेती राहिलेली नाही. जागा विकली, भाड्याने दिली किंवा भरपाई आली, की पैसे ज्यांची नावं कागदावर आहेत त्यांना मिळतात. एक-चौदाच्या उताऱ्यावर कब्जेदाराच्या रकान्यात नावं बघा. अनेक घरांत आजोबा, मग काका, मग चुलतभाऊ. आत्यांचं नाव शोधावं लागतं.

आता पहिलं वाक्य. आंटीने हक्क अज्ञानाने सोडला नाही. तिला सगळं ठाऊक होतं. तिने एक हिशोब केला. नवऱ्याचं काही बरंवाईट झालं, सासरी पटलं नाही, बाळंतपण, आजारपण, तर जायचं कुठे? भावाच्या घरी. ते दार उघडं राहावं म्हणून तिने आपली जागा दिली. आपण याला त्याग म्हणतो. मला तो विम्याचा हप्ता वाटतो, आणि पॉलिसी भावाच्या कपाटात आहे.

लोक म्हणतात, "तिला लग्नात सोनं दिलं ना?" याला आपल्या कायद्यात उत्तर आहे. आईवडिलांनी एका मुलाला आधी दिलेलं वाटणीच्या वेळी हिशोबात धरता येतं. मग धरा की! सोन्याचाही भाव लावा, जागेचाही लावा. आणि मुलग्याच्या शिक्षणाला, परदेशी जाण्याला, घर बांधायला दिलं तेही मांडा. अडचण अशी, की सोन्याचा हिशोब घरात तोंडपाठ असतो आणि जमिनीचा हिशोब काढला की "तू परक्यासारखं बोलतेस" असं ऐकावं लागतं.

'परक्यासारखं' हा शब्द उगाच आलेला नाही. आमच्या लग्नात 'शीम' करतात, म्हणजे जमिनीवर फेणीची रेघ ओढतात. एका बाजूला मुलीकडचे, दुसऱ्या बाजूला मुलाकडचे. निरोप घेऊन मुलगी पलीकडे जाते. नंतर 'पोरतोवणें' होतं, नवी जोडी जेवायला माहेरी परत येते. मी लहानपणापासून हे दोन्ही विधी हसतखेळत पाहिले आहेत. आता त्यांचा अर्थ लागतो. पलीकडे गेलेली मुलगी परत येऊ शकते, पण पाहुणी म्हणून.

गाण्यातला भाऊ

आता आपल्या विषयाकडे, साहित्याकडे. जात्यावरच्या ओव्यांत आईच्या खालोखाल कुणाला मान असेल तर तो भावाला. मुऱ्हाळी होऊन तो बहिणीला न्यायला येतो, चोळी-बांगडी करतो, तिच्या सासरी त्याचा रुबाब दिसतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांत फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यांत भाऊबहिणीच्या ओव्यांना मोठी जागा आहे. आपल्या पेडणे-डिचोलीत पौषात मांडावर धालो रंगतात. बायका समोरासमोर रांगा करून रात्री गातात, तो मांड त्यांचाच असतो, आणि तिथेही सासर-माहेर येतंच.

आपण वर्गात या ओव्यांना 'बंधुप्रेम' असं शीर्षक देऊन पुढे जातो. प्रेम खरंच आहे, ते मला नाकारायचं नाही. पण ज्या बाईचं नाव ना माहेरच्या कागदावर, ना सासरच्या, तिच्यासाठी भाऊ हाच तिचा कागद होता. तो आला तर ती कुणाची तरी, नाही आला तर कुणाचीच नाही. हे लक्षात घेतलं, की भावाची वाट पाहणाऱ्या ओवीत मायेबरोबर धास्तीही ऐकू येते.

पश्तून बायकांचीही अशीच अनाम गाणी आहेत, त्यांना 'लंडई' म्हणतात. दोनच ओळी, पहिलीत 9 अक्षरं, दुसरीत 13. त्या शब्दाचा एक अर्थ छोटा विषारी साप. प्रेम, विरह, युद्ध, नको असलेला नवरा, सगळं त्यात येतं, आणि रचणारीचं नाव नसल्यामुळे कुणाला पकडता येत नाही. काबूलमध्ये 'मिरमन बहीर' नावाचं स्त्रियांचं साहित्य मंडळ होतं, आपल्या मंडळासारखंच. शहरातल्या बायका बैठकीला यायच्या आणि दूरच्या गावातल्या मुली चोरून फोन करून कविता ऐकवायच्या. 2010 साली हेलमंड प्रांतातल्या अशाच एका मुलीला कविता वाचताना घरच्यांनी पकडलं. भावांनी मारलं, तिच्या वह्या फाडल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिने स्वतःला जाळून घेतलं. ज्याच्या घराच्या दारावर बहिणीचं सगळं आयुष्य टेकलेलं असतं, त्याच्याच हातात त्या दाराची कडीही असते.

मग फरक काय?

कुणी म्हणेल, गोव्याची आणि अफगाणिस्तानची तुलना अतिशयोक्ती आहे. एका अर्थाने बरोबर आहे. मी हरमलहून एकटी बसमध्ये बसून कॉलेजला येते. हा लेख माझ्या नावाने छापून येणार आहे. आंटीच्या मुलीला नोकरी आहे, तिचा स्वतःचा पगार आहे. काबूलमधल्या माझ्या वयाच्या मुलीकडे यातलं काहीच नाही, आणि तिचं दुःख आपल्या दुःखाच्या पारड्यात घालून हलकं करणं बरोबर होणार नाही.

पण म्हणूनच प्रश्न आपल्याला जास्त लागू होतो. तिच्याकडे हक्क आहे आणि रस्ता नाही. आपल्याकडे हक्क आहे, रस्ता आहे, बस आहे, सब-रजिस्ट्रारचं ऑफिस आहे, आणि तरी त्या रस्त्याने आपण जातो ते हक्क सोडायला.

आता माझ्याबद्दल. ज्या घरात बसून मी हे लिहिते ते घर पायांनी आंटीच्या सहीनंतर बांधलं. माझी खोली त्याच जागेवर आहे. आंटीने जे सोडलं त्यातलं थोडं माझ्या फीमध्ये गेलं असणार. आणि मला एक धाकटा भाऊ आहे, तो मला फार आवडतो. उद्या मला फोन येईल तेव्हा मी काय करेन? 'मी सही करणार नाही' असं इथे छातीठोक लिहिणं सोपं आहे. मी एवढंच केलं, की लेख लिहून झाल्यावर पायांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिला तेव्हा विचारायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून डीडची फाइल काढली. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, पण आमच्या घरात हा विषय पहिल्यांदा निघाला.

घरी करून बघण्यासारखं

1. आपल्या घराचा किंवा शेताचा एक-चौदाचा उतारा काढा, तो ऑनलाइनही मिळतो. कब्जेदारांत किती बायकांची नावं आहेत ते मोजा.
2. आई, मावशी, आत्या यांना विचारा: तुम्ही सही केली होती का? कागद वाचला होता का?
3. आईवडील हयात असताना त्यांच्या पुढच्या वारशावरचा हक्क आधीच सोडून देता येत नाही, हे लक्षात ठेवा. तसा कागद कुणी पुढे केला तर आधी वकिलाला दाखवा.
4. सोडायचाच असेल तर किंमत माहीत करून, मोकळेपणाने सोडा. न विचारता घेतलेल्या सहीला दान म्हणू नका.

चर्चेसाठी प्रश्न

1. भावावरच्या चार ओव्या घरातल्या ज्येष्ठ बाईकडून लिहून आणा. त्यांत माया कुठे आहे आणि धास्ती कुठे?
2. ओवी आणि लंडई दोन्ही अनाम आहेत. नाव नसणं ही बाईची सोय, की तिचं नुकसान?
3. मुलग्यांसाठी: बहिणीने वाटा घेतला तरी तिच्यासाठी आपलं दार उघडं राहील, असं तुम्ही तिला कधी सांगितलं आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वर्गात द्यायची गरज नाही. घरी जाऊन बहिणीला दिलंत तरी चालेल.